बुधवारी राणीची बाग बंद असते

घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिच्या आवारालगतचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद. नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडीही पावसाळ्यात बंद. रविवारी साधारण अकरा ते चार मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, आणि तो नेमका कुठून कुठे ते शुक्रवार-शनिवारपर्यंत कळत नाही. मुंबईत आणि मुंबईच्या आसपास लोकांना एका दिवसाच्या सहलीला नेण्याचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे. काय कधी बंद असतं हे तोंडपाठ असलं की या कामातलं निम्मं जमलं म्हणायचं. उरलेलं निम्मं मला सहलीला येणाऱ्या बायकांनीच शिकवलं.

मी डोंबिवलीची. फोर्टात एका कचेरीत नोकरी केली. सकाळची फास्ट, संध्याकाळची फास्ट आणि मध्ये टायपिंग. कचेरीपासून गेटवे चालत दहा-बारा मिनिटांवर होतं; पण त्या सगळ्या वर्षांत मी तिथे गेले ती फक्त गावाकडच्या पाहुण्यांना दाखवायला, आणि लाँचमध्ये एकदाही बसले नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आमच्या भिशीत कोणीतरी म्हणालं, या वेळी हॉटेलात खाण्याऐवजी घारापुरीला जाऊ या. फोर्टाचा रस्ता पायाखालचा म्हणून पुढारीपण माझ्याकडे आलं. भिशीतल्या बायकांनी आपल्या बहिणी-नणंदांना सांगितलं, त्यांनी आपापल्या भजनी मंडळांत सांगितलं, आणि बघता बघता माझ्याकडे नावं लिहून घ्यायची एक वही झाली. वहीला नंतर पावतीपुस्तक जोडलं गेलं.

तेव्हा 'मुंबई दर्शन' म्हणजे बस आणि पॉइंट. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, म्हातारीचा बूट, राणीची बाग, गेटवे, शेवटी चौपाटीवर भेळ. बसवाला पॉइंट मोजून पैसे सांगायचा आणि फोन करणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न 'किती पॉइंट?' हाच विचारायची. मीही सुरुवातीला तशाच सहली काढल्या, कारण मागणी तशीच होती. दिवसातला मोठा भाग बसमध्ये, सिग्नलला. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा शौचालयाच्या रांगेत. परतताना विचारलं की काय आवडलं, तर उत्तर यायचं, 'भेळ छान होती हो!' यात त्या बायकांचं काही चुकत नव्हतं. भेळ खाताना बिचाऱ्यांना पहिल्यांदा कोणी 'चला, चला' म्हणत नव्हतं.

हे सगळं बदललं ते कुठल्या विचारामुळे नाही, गाड्यांच्या वेळांमुळे बदललं. रविवारच्या सहलीला नावं भरपूर यायची आणि शनिवारी रात्री फोन सुरू व्हायचे. पाहुणे येताहेत. मुलाला सुट्टी आहे. ह्यांना बरं वाटत नाहीये. थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की रविवारी सगळं घर घरात असतं, आणि म्हणूनच बाईला बाहेर पडता येत नाही. तिची सुट्टी मधल्या वारी, सगळे कामावर आणि शाळेत गेले की सुरू होते. मग मी गुरुवार धरला. सोमवारी गुहा बंद, बुधवारी बाग बंद, मंगळवार-शुक्रवार देवीचे आणि उपासाचे. गुरुवारीही काहीजणींचा दत्ताचा उपास असतो, पण तेवढं चालतं.

आता मधल्या वारी डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे साठीच्या बायका घेऊन जाणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पावणेअकरापर्यंत गर्दी ओसरते. मुंबईहून चारनंतर परतायचं म्हटलं तर पुन्हा तीच कथा, उलट्या दिशेने. म्हणजे पावणेअकराला निघायचं, बाराच्या सुमारास उतरायचं आणि चारच्या आत परतीच्या गाडीत बसायचं. हातात उरतात चार तास. चार तासांत एकच ठिकाण होतं. असा माझा 'एका दिवसात एक ठिकाण' हा नियम जन्माला आला. पुढे लोक मला विचारायला लागले की ही कल्पना कशी सुचली. सुचली नाही, वेळापत्रकाने ती गळ्यात मारली.

त्यात एक बोनस मिळाला, तो मी धरलाच नव्हता. अकराच्या गाडीत लेडीज डब्यात खिडकी मिळते. तीस-तीस वर्षं चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून नोकरी केलेल्या बायका खिडकीशी बसल्या की मुंब्र्याची खाडी अशा बघायच्या, जणू कोणी ती आत्ताच आणून ठेवली आहे. एकजण मला म्हणाली, 'ताई, इथे पाणी आहे हे मला माहीत होतं, पण दिसलं आज.' सहल ठिकाणावर पोचल्यावर सुरू होते हा बसवाल्यांचा समज आहे. लोकलने जाणाऱ्याची सहल प्लॅटफॉर्मवरच सुरू होते.

एकाच ठिकाणी चार तास म्हटल्यावर तक्रारी आल्याच. 'एवढंच?' हा शब्द मी पुष्कळदा ऐकला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली एक सहल मला त्यासाठीच आठवते. मी तयारी करून गेले होते. १९०५ साली पायाभरणी, इमारत विटेट साहेबाने बांधलेली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, लोकांसाठी ती उघडली १९२२ साली, असं सगळं पाठ. आमच्यात एक निवृत्त परिचारिका होती. मूर्ती, चित्रं, नाणी कशाशीच तिला देणंघेणं नव्हतं. पण रुग्णालय म्हटल्याबरोबर ती घुमटाखाली उभी राहून खाटा किती मावतील याचा अंदाज करू लागली. हवा कुठून येईल, ड्रेसिंगची खोली कुठे असेल, जिन्यावरून स्ट्रेचर कसं नेत असतील. तिच्यामागे हळूहळू पाच-सहाजणी जमल्या. माझ्यामागे होत्या त्यातल्याच.

त्याच दिवशी एक वयस्क बाई आत आल्याच नाहीत. तिकीट काढलं होतं, पण बागेतल्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. मी दोनदा बोलवायला गेले. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवूनच म्हटलं, 'अहो काकू, पैसे भरलेत ना? बघा तरी थोडं.' त्या शांतपणे म्हणाल्या, 'घरी मला दोन तास नुसतं कोणी बसू देत नाही गं. बसले की लगेच विचारतात, बरं वाटत नाहीये का.' यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढच्या सहलीपासून मी वेळापत्रकात एक तास मोकळा ठेवू लागले. त्या तासात मी काही दाखवत नाही, कोणाला हाका मारत नाही, फोटोसाठी गोळा करत नाही. शहराबाहेरून येणाऱ्याला मुंबई बघायची असते. इथे राहणाऱ्या बाईला बहुतेक वेळा बघण्यापेक्षा बाहेर पडायचं असतं. बघणं हे घरी सांगायचं कारण असतं. हे एकदा मान्य केलं की ठिकाण निवडण्याचे निकषच बदलतात. सावली हवी, टेकायला जागा हवी, चहा हवा आणि शौचालय हवं.

शौचालयाबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. मी नवीन ठिकाण आधी एकटी जाऊन बघते आणि पहिल्यांदा हेच बघते. सहलीला निघालेल्या बायका पाणी पीत नाहीत. उन्हातान्हात, दोन-अडीचशे पायऱ्या चढून-उतरूनही पीत नाहीत, आणि विचारलं तर 'तहानच नाही' म्हणतात. सुरुवातीला मी पाण्याच्या बाटल्यांचा आग्रह करत असे. मग कळलं की आग्रह बाटलीचा करायचा नसतो, दाराला कडी असलेली स्वच्छ जागा कुठे आहे ते सकाळीच सांगून टाकायचं असतं. ते सांगितलं की बाटल्या आपोआप उघडतात. संग्रहालयांत प्रश्न नसतो. किल्ल्यांवर असतो, म्हणून वसईच्या किल्ल्यात शिरण्याआधी स्टेशनजवळ उडुप्याकडे सगळ्यांना चहा पाजायचा, चहा हे निमित्त. या एका कारणासाठी मी काही फार सुंदर ठिकाणं यादीतून काढून टाकली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

गर्दीच्या उलट दिशेने जाण्याची युक्तीही गाड्यांनीच शिकवली. सकाळी सगळं जग मुंबईकडे धावत असतं तेव्हा कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या निवांत असतात. अंबरनाथ डोंबिवलीहून पाचवं स्टेशन. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. काळ्या दगडात वरपासून खालपर्यंत कोरीव काम, आणि गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी नेलेल्या बायकांपैकी निम्म्याअधिक जणींनी अंबरनाथ हे नाव फक्त गाडीच्या पाटीवर वाचलेलं होतं. जवळून वालधुनी वाहते, आणि तिचा वास येतो, हेही मी आधीच सांगून ठेवते. हजार वर्षांचं मंदिर आणि शेजारी अशी नदी, यावर दर वेळी कोणीतरी बोलतंच. बोलू द्यावं. सहलीत सगळं छान छानच दिसलं पाहिजे असा नियम नाही.

घारापुरी या चार तासांच्या हिशेबात बसत नाही. लाँचला जाऊन-येऊन दोन तास, वर शंभराहून जास्त पायऱ्या. तिथे शनिवारी पहाटेच्या गाडीने जायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना डोलीची खुर्ची असते, पण तीत बसायला बायका लाजतात. एकीने धीर केला की मग बाकीच्यांना चालतं. माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या. आणि मग ती वीस फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती. तिच्यासमोर माहिती सांगायचं मी बंद केलं आहे. तिथे बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. आमच्या बायकांचं खरं बोलणं होतं ते पायऱ्यांवर दुकानं लावून बसलेल्या बेटावरच्या बायकांशी. पाणी कुठून आणता, मुलं शाळेला कुठे जातात, बाळंतपणाला काय करता. बेटावर वीज पोचली २०१८ साली. मुंबईचे दिवे रात्री समोर दिसत असताना इतकी वर्षं अंधार, हे ऐकून एकजण त्या दुकानदार बाईला म्हणाली, 'मग फ्रीज घेतलात का?' घेतला होता. कुठला, केवढ्याचा, यावर दहा मिनिटं गेली.

घारापुरीला मी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. पोर्तुगीजांनी या बेटाला ज्याच्यावरून नाव दिलं तो दगडी हत्ती आता इथे नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून तो उभा केला गेला आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, 'मग भायखळ्याला कधी न्यायचं?' पुढच्या गुरुवारची नावं तिथेच, परतीच्या लाँचमध्ये लिहून होतात. जाहिरातीवर मी कधी पैसे घातले नाहीत. एका सहलीत दुसरीचं बी पडतं, फक्त ते कुठे टाकायचं ते ठाऊक हवं.

राणीची बाग १८६२ सालची. २०१७ साली पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले आणि नातवंडांचे फोन सुरू झाले. पेंग्विन बघायला हरकत काही नाही, थंडगार जागा आहे. पण माझ्या गटांना तिथली झाडं जास्त आवडली. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड, खोडालाच फुलं येणारा कैलासपती, मोसमात झुंबरासारखी लाल फुलं सोडणारी उर्वशी. ही झाडं टिकावीत म्हणून मुंबईतल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे, हे मी सांगते तेव्हा आमच्यातल्या बागकामवाल्या जरा ताठ चालू लागतात. काळा घोडाही तिथेच आहे, म्हणजे ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा. फोर्टात नोकरी केलेल्या प्रत्येकीला काळा घोडा हा बसस्टॉप म्हणून माहीत असतो. घोडा भायखळ्याला भेटला की एकच हशा होतो.

शिवडीचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवडता भाग. नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते असतात, पण असतात म्हणजे दिसतात असं नाही. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे सरकतात. पूर्ण ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी म्हणजे क्षितिजावरची गुलाबी रेघ. मधली वेळ गाठावी लागते. तिथल्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या कोळ्याने मला हिशेब शिकवला : तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण सहल ठरवायला पुरतं. उधाणाला पाणी फार चढतं, भांगाला कमी, तेही तो सांगत होता. मला त्यातलं हळूहळू उमगत गेलं.

आता हा हिशेब आमच्या गाडीच्या हिशेबाशी जुळवायचा. अष्टमीला पक्षी दुपारी तीन-चारच्या सुमारास चांगले दिसणार, म्हणजे परतीला गर्दीत मरण. पौर्णिमेला सकाळी आठ-नऊला, म्हणजे जातानाच मरण. पंचांग घेऊन बसल्यावर एकादशी जुळली. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती, मग पाणी ओसरत ओसरत अकरा-साडेअकरापासून चिखल उघडा पडणार आणि पक्षी खायला जवळ येणार. जरा लवकरची गाडी धरली की झालं. म्हणून आमची शिवडीची सहल एकादशीला असते. निम्म्या बायकांचा उपास असतो, त्यामुळे डब्यांमध्ये साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस, आणि ज्यांचा उपास नसतो त्याही तेच खातात. स्टेशनपासून धक्क्यापर्यंतचा रस्ता ट्रक आणि गोदामांचा, नाकाला पदर लावून चालायचा. पक्षी दिसले की सगळा रस्ता माफ असतो. आता तिथून अटल सेतूही दिसतो; काहीजणी पुलाचेच फोटो काढतात. मी काही बोलत नाही.

पैशांबद्दल लोक आडून आडून विचारतात, तर सरळ सांगते. प्रवास, तिकिटं, चहा-नाश्ता जो काही खरा खर्च असेल तो, आणि त्यावर माणशी माझी ठरावीक रक्कम. सुरुवातीला मी ती खर्चात मिसळून सांगत असे. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी परतीच्या गाडीत सगळ्यांसमोर विचारलं, 'यात तुमचं काय राहतं?' मी पर्समधून कागद काढला आणि हिशेब वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'कमी आहे. वाढवा.' तेव्हापासून हिशेबाचा कागद सहलीतच फिरतो. यावर संसार चालत नाही. माझं निवृत्तिवेतन आहे म्हणून हे चालतं, ही गोष्ट मला विचारायला येणाऱ्या तरुण मुलींना मी आधी सांगते. वर्षातले पावसाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे जातात आणि न आलेल्यांचे पैसे परत करायचे की नाहीत यावरून नाती बिघडतात. आयत्या वेळी रद्द झालेल्या बसचे आगाऊ पैसे एका बसमालकाकडून मला अजून यायचे आहेत. आता येत नाहीत.

पुरुषांच्याही सहली काढून बघितल्या. जोडप्यांच्या काढल्या. निवृत्त पुरुष मार्गदर्शकाला दुरुस्त करतात, टॅक्सीवाल्याला रस्ता सांगतात आणि जेवणाची वेळ साडेबारावरून हलू देत नाहीत. त्यांच्या बायका त्या दिवशी सहलीत नसतातच. नवऱ्याची गोळी, नवऱ्याचा स्वेटर, नवऱ्याची जागा. एकीने पुढच्या वेळी एकटीचं नाव दिलं आणि हळूच म्हणाली, 'ह्यांना सांगू नका जोडप्यांचीही असते म्हणून.'

नाटकाच्या सहली वेगळ्या. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, आणि घरचं म्हणजे सावित्रीबाई फुले. प्लॅन उघडायच्या दिवशी खिडकीशी जाऊन उभं राहायचं आणि सलग दोन रांगा धरायच्या. खरी कसोटी नंतर, खुर्च्या वाटताना. अमक्या काकूंना कडेची हवी, कारण मध्येच उठावं लागतं. तमकीला उंच माणसामागे नको. एका सासू-सुनेने मला वेगवेगळे फोन करून सांगितलं की आम्हाला शेजारी बसवू नका, आणि दोघींनीही बजावलं की हे दुसरीला कळता कामा नये. मी त्यांच्यामध्ये तिघीजणी बसवल्या. मध्यंतरात दोघी एकत्र बटाटेवडा खात उभ्या होत्या, चांगल्या हसत होत्या. नाटक कसलं असावं याबद्दल मात्र मी अंदाज बांधणं सोडलं आहे. 'विनोदीच हवं' म्हणणाऱ्या बायका विनोदी नाटकात घड्याळ बघतात आणि ज्याला न्यायला मी कचरत होते त्या गंभीर नाटकावर परतीच्या गाडीत डोंबिवलीपर्यंत भांडतात.

पावसाळ्यात धबधब्यांची मागणी येते. मी नेत नाही. दरवर्षी माणसं वाहून जातात, दरवर्षी जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात, आणि तरी फोन येतात की 'आम्ही लांबूनच बघू'. त्याऐवजी मी कान्हेरीला नेते. बोरिवलीच्या उद्यानात शंभराहून जास्त लेणी आहेत. उन्हाळ्यात ती दगडासारखी दगडच दिसतात. पावसात ती चालू होतात. डोंगरउतारावरून कोरलेल्या पन्हळींतून पाणी खेळतं, एका पोढीतून, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यातून, दुसरीकडे जातं, लेण्यांच्या दाराशी पोढ्या तुडुंब भरतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पाठ केलेली माहिती सांगत होते, की भिक्षूंनी पाणी साठवायची व्यवस्था केली होती वगैरे. साताऱ्याकडची एक बाई वाकून बघत होती. ती म्हणाली, 'इथे बघा, हा कंगोरा मुद्दाम ठेवलाय. गाळ इथे अडतो, पाणी वरचं जातं.' तिच्या माहेरी विहिरीवर असंच होतं. मग ती पुढे आणि आम्ही मागे, असा त्या दिवशी अर्धा डोंगर बघितला. तेव्हापासून नावं लिहून घेताना मी माहेर कुठलं आणि नोकरी काय केली तेही विचारते. वसईला माहेर असलेली असेल तर किल्ल्यात मी तोंड उघडत नाही. १७३९ आणि चिमाजी अप्पा मी सांगू शकते. चर्चच्या त्या ओसाड भिंतींपलीकडे कोणाची वाडी आणि सुकेळी कशी करतात ते तीच सांगू शकते.

अलीकडे ठिकाणं मी सुचवायची गरजच राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांतली सगळ्यात धाडसी सहल त्यांनीच ठरवली : गणपतीत रात्रभर मुंबई. लालबाग, गिरगाव, जमेल तेवढं चालत, आणि पहाटेच्या गाडीने घरी, वाटेत दादरचा फुलबाजार. मी नाही म्हणत होते. गर्दी, रात्र, वयं. पण मला उत्तर द्यायला त्या तयार होऊन आल्या होत्या. कोणाची भाची कुठे राहते, कोणाच्या दिराचं दुकान कुठे उघडं असतं, कोणत्या मंडळाच्या मांडवात पाठीमागे खुर्च्या असतात, सगळं लिहून आणलं होतं. शौचालयांची यादी तर माझ्या यादीपेक्षा चांगली होती. घरच्यांचा विरोध झाला, तो त्यांनीच मोडून काढला. एकीच्या मुलाने मला फोन करून विचारलं की आईची जबाबदारी कोण घेणार. मी म्हटलं, तुमच्या आई आमच्यापैकी तिघींची घेणार आहेत.

रात्री दोनला आम्ही रांगेत होतो. बाकावर नुसतं बसायला आलेल्या त्या काकू, वय आता सत्तरीच्या पुढे, त्याही होत्या. त्यांच्या सुनेचा फोन आला. काकू एका हाताने कान झाकून ढोलताशावर आवाज चढवत ओरडल्या, 'अगं मी रांगेतच आहे अजून! तुम्ही झोपा! विरजण लावलंय, दूध वरच्या कप्प्यात आहे!' फोन पिशवीत टाकला आणि मागच्या मुलाला म्हणाल्या, 'ढकलू नकोस रे, पुढे मीच उभी आहे, गणपती नाही.'

फुलबाजारात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. प्रत्येकीने शेवंतीची एवढी खरेदी केली की गाडीत बसायला जागा उरेना. त्या महिन्याच्या हिशेबाच्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा चहाचा होता, आणि तो कोणी वाचूनही बघितला नाही. पुढच्या वर्षी कुठल्या रात्री जायचं यावर वाद चालला होता.